सी++ मधून विंडोज मीडिया प्लेअर चालवणे: कॉम इंटरफेस, इव्हेंट आणि नेमके कुठे अडते

मुलाखत, कीर्तन किंवा सभेचे इतिवृत्त ऐकत ऐकत टंकन करणाऱ्याला फार थोडे लागते. एका कळीने आवाज थांबावा, दुसरीने तीन सेकंद मागे जावे, वेग जरा कमी करता यावा आणि उद्या फाइल उघडली की काल सोडले तिथूनच सुरू व्हावी. एवढ्यासाठी डीकोडर लिहायची गरज नाही. विंडोजमधला मीडिया प्लेअर हा कॉम घटक आहे; कॉम म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याचा तयार भाग वापरण्याची विंडोजची पद्धत. आपल्या प्रोसेसमध्ये त्याला बोलावायचे, त्याच्या इंटरफेसमधून सांगायचे आणि तो काय कळवतो ते, म्हणजे त्याचे इव्हेंट, ऐकायचे. यातले सांगणे सोपे आहे. बहुतेक प्रोग्राम फसतात ते ऐकण्याच्या बाजूला, म्हणून या लेखातही त्याच बाजूला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून वर सांगितलेला टंकन-सहायक शेवटपर्यंत धरला आहे. इंटरफेस आणि मेथडची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. काम करताना डब्ल्यूएमपी डॉट एच ही हेडर फाइल शेजारी उघडी ठेवा, नेमके स्पेलिंग तिथे मिळेल. या घटकाच्या जवळजवळ सगळ्या इंटरफेसची नावे 'आयडब्ल्यूएमपी' ने सुरू होतात. पुढे तो भाग गाळून नुसते प्लेअर४, कोअर, कंट्रोल्स, सेटिंग्ज, मीडिया, इव्हेंट्स असे लिहिले आहे.

हा प्लेअर कोणता?

हा जुना विंडोज मीडिया प्लेअर, म्हणजे डब्ल्यूएमपी डॉट डीएलएल. हे ऑब्जेक्ट मॉडेल २००० साली सातव्या आवृत्तीबरोबर आले. नवव्या मालिकेत प्लेअर४ ची भर पडली. बारावी आवृत्ती २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आली आणि विंडोज १० व ११ मध्येही तीच आहे. विंडोज ११ मध्ये २०२२ पासून दिसणारे 'मीडिया प्लेअर' हे ॲप वेगळे आहे, इथले काहीही त्याला लागू होत नाही.

मायक्रोसॉफ्टने हा एसडीके, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा संच, आता जुन्या गटात टाकला आहे. नव्या कामासाठी ते विंडोज १० पासूनचा मीडियाप्लेअर हा वर्ग सुचवतात. पाटी कोरी असेल तर तो सल्ला जरूर माना. पण एमएफसी किंवा एटीएल या मायक्रोसॉफ्टच्या सी++ लायब्ररींत लिहिलेला, वर्षानुवर्षे चालत आलेला प्रोग्राम सांभाळायचा असेल, किंवा दोनशे ओळींत काम उरकायचे असेल, तर हा घटक अजूनही भरवशाचा आहे.

एक गोष्ट ग्राहकाकडे प्रोग्राम बसवण्याआधी तपासा. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर विंडोजच्या 'एन' आवृत्त्या निघाल्या. त्यांत हा प्लेअर मुळात नसतो आणि तिथे घटक तयार करतानाच हेक्स ८००४०१५४, म्हणजे 'वर्ग नोंदलेला नाही' हा कोड येतो. अशा संगणकावर मीडिया फीचर पॅक बसवावा लागतो. हा कोड आला की वापरणाऱ्याला नेमके हेच सांगणारा संदेश दाखवा. 'अज्ञात त्रुटी' असा संदेश वाचून कोणालाच पुढे काय करायचे ते कळत नाही.

तयारी

व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सी++ डेस्कटॉपचा गट घ्या आणि त्याखाली एटीएलची खूण वेगळी करा. ती आपोआप होत नाही, आणि ती नसली की 'एटीएलबेस डॉट एच सापडली नाही' इथेच गाडी थांबते. डब्ल्यूएमपी डॉट एच आणि डब्ल्यूएमपीआयडीज डॉट एच या दोन्ही फाइली विंडोज एसडीकेत असतात. दुसऱ्या फाइलमध्ये इव्हेंटचे क्रमांक आहेत.

वर्गाचा आयडी हाताने टाइप करू नका. हेडरमध्ये विंडोजमीडियाप्लेअर हा वर्ग यूयूआयडीसह, म्हणजे त्याच्या एकमेव ओळखक्रमांकासह, घोषित आहे, त्याला यूयूआयडीऑफ लावले की पुरते. त्यामुळे लिंकरची 'सिम्बॉल सापडला नाही' ही कटकटही टळते.

डीएलएल फाइल 'इम्पोर्ट' करून आयते रॅपर वर्ग बनवायचीही सोय आहे. त्याने कोड आखूड होतो, पण चूक झाली की एचरिझल्ट, म्हणजे कॉम मेथड परत देते तो निकालाचा कोड, हातात येत नाही, अपवाद फेकला जातो. इव्हेंट हँडलरमधून असा अपवाद बाहेर निसटला तर तो प्लेअरच्या कोडमध्ये शिरतो आणि प्रोग्राम पडतो. या कामासाठी साधे इंटरफेस आणि सीकॉमपॉइंटर (इंटरफेस धरणे-सोडणे स्वतः सांभाळणारा एटीएलचा पॉइंटर) हीच जोडी बरी.

आधी थ्रेड ठरवा

हा घटक अपार्टमेंट पद्धतीचा, म्हणजे एकाच थ्रेडशी बांधलेला आहे. ज्या थ्रेडवर तो जन्मतो त्या थ्रेडवर दोन गोष्टी हव्यात: कोइनिशियलाइझएक्स ला अपार्टमेंट-थ्रेडेड हा पर्याय, आणि सतत फिरणारा मेसेज लूप.

मेसेज लूप नसला की काय होते ते पाहा. कन्सोल प्रोग्राममध्ये घटक तयार केला, यूआरएल दिला, पुढे दहा सेकंदांची स्लीप टाकली. प्रत्येक मेथडने एस-ओके (यशाचा कोड) दिले, पण आवाज नाही आणि इव्हेंटही नाहीत. प्लेअरची आतली कामे त्या थ्रेडवर येणाऱ्या विंडो-मेसेजांवर चालतात, आणि झोपलेला थ्रेड ते मेसेज काढून घेत नाही. स्लीपच्या जागी गेटमेसेज, ट्रान्सलेटमेसेज, डिस्पॅचमेसेज असा लूप घाला. दुसऱ्या कशाची वाट पाहायचीच असेल तर एमएसजीवेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स वापरा आणि ते परतले की साठलेले मेसेज काढा.

मल्टिथ्रेडेड अपार्टमेंटमधून घटक मागितला तर कॉम तो दुसऱ्याच थ्रेडवर तयार करते आणि आपल्या हाती प्रॉक्सी, म्हणजे निरोप पोचवणारा मध्यस्थ, देते. मग प्रत्येक साधी विचारणा थ्रेड ओलांडून जाते, आणि इव्हेंट कुठल्या थ्रेडवर येतील याचा आपला अंदाज चुकतो. हे टाळा.

उलट चूक जास्त घातक आहे. मुख्य थ्रेडवर घेतलेला पॉइंटर तसाच कामगार थ्रेडला द्यायचा आणि तिथून प्ले म्हणायचे. तो पॉइंटर प्रॉक्सी असता तर हेक्स ८००१०१०ई, 'चुकीचा थ्रेड', असे उत्तर आले असते. इथे पॉइंटर थेट आहे, त्यामुळे अडवणारे कोणीच नाही. कॉल चुकीच्या थ्रेडवर जातो, दहा वेळा चालतो आणि अकराव्या वेळी प्रोग्राम अडकतो. दुसऱ्या थ्रेडवरून काही सांगायचे असेल तर पोस्टमेसेजने मुख्य विंडोला स्वतःचा मेसेज पाठवा आणि प्लेअरशी बोलणे फक्त मुख्य थ्रेडवर ठेवा. पॉइंटर रीतसर दुसऱ्या थ्रेडला देण्याची, म्हणजे मार्शलिंगची, सोय आहे, पण एवढ्याशा कामाला ती लागत नाही.

कोइनिशियलाइझएक्स कडून हेक्स ८००१०१०६ आले तर त्या थ्रेडवर आधीच कोणीतरी दुसऱ्या पद्धतीने कॉम सुरू केले आहे. बहुधा वापरलेली एखादी लायब्ररी असते. कोड दुर्लक्षून पुढे जाऊ नका, ती लायब्ररी शोधा.

घटक तयार करणे आणि इंटरफेस मिळवणे

नुसता आवाज हवा असेल तर विंडोची गरज नाही. क्रम असा:

१. कोक्रिएटइन्स्टन्स ला विंडोजमीडियाप्लेअरचा आयडी, 'इन-प्रोसेस सर्व्हर' आणि प्लेअर४ चा आयडी द्या.
२. मिळालेल्या पॉइंटरवर गेट_कंट्रोल्स आणि गेट_सेटिंग्ज मागा. प्लेअर४ हा कोअरपासून आलेला असल्याने क्वेरीइंटरफेस लागत नाही.
३. इव्हेंट जोडा. यूआरएल द्यायच्या आधी जोडा, नाहीतर सुरुवातीच्या स्थिती हुकतात.
४. सेटिंग्जमध्ये ऑटोस्टार्ट, एरर-डायलॉग आणि इन्व्होकयूआरएल हे तिन्ही बंद करा.
५. मग पुट_यूआरएल.

चौथ्या पायरीतला इन्व्होकयूआरएल बहुतेक जण विसरतात. मीडिया फाइलमध्ये वेबपत्ता उघडण्याची आज्ञा दडवता येते आणि ही सेटिंग चालू असली तर प्लेअर ती पाळतो. बाहेरून आलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये ती बंदच हवी.

इथे होय-नाही हे व्हेरियंट-बूल प्रकारात द्यायचे असते आणि त्यातला 'होय' म्हणजे उणे १. सी++ मधला ट्रू म्हणजे अधिक १. वाचताना 'ट्रू च्या बरोबर आहे का' अशी तुलना केली तर ती कायम खोटी ठरते. देताना व्हेरियंट-ट्रू आणि व्हेरियंट-फॉल्स द्या, वाचताना 'व्हेरियंट-फॉल्स नाही ना' एवढेच विचारा.

असा तयार केलेला प्लेअर स्वतंत्र असतो. त्या वेळी संगणकावर कोणी मीडिया प्लेअर उघडून गाणे ऐकत असेल तर त्याला धक्का लागत नाही. संपूर्ण प्लेअर ॲप आपल्या प्रोग्राममधून दाखवायचे असेल तर रिमोट पद्धत आहे. त्यासाठी आपल्या क्लायंट-साइटने सर्व्हिसप्रोव्हायडर मागितल्यावर रिमोटमीडियासर्व्हिसेस हा चार मेथडचा इंटरफेस द्यावा लागतो आणि त्यातल्या गेटसर्व्हिसटाइप मधून 'रिमोट' ही अक्षरे परत करावी लागतात. टंकन-सहायकाला ते लागत नाही.

फाइलचे नाव देवनागरीत असेल तर

कॉममधली बी-स्ट्रिंग यूटीएफ-१६ असते, त्यामुळे 'हरिकीर्तन भाग २' अशा नावाच्या फाइलला प्लेअरची काहीच हरकत नसते. गडबड त्याच्या आधी होते. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये पण बीओएमशिवाय, म्हणजे सुरुवातीच्या ओळखखुणेशिवाय, जतन केली असेल, तर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ती संगणकाच्या जुन्या कोडपेजमधली समजतो आणि कोडमध्ये लिहिलेली देवनागरी अक्षरे कंपाइल होतानाच बिघडतात. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये, कंपायलरच्या जादा पर्यायांत, यूटीएफ-८ चा स्विच घाला. वापरणाऱ्याने निवडलेले नाव वाचताना फंक्शनची 'डब्ल्यू' ने संपणारी रूपेच वापरा. 'ए' ने संपणाऱ्या रूपातून गेलेले देवनागरी नाव प्रश्नचिन्हे होऊन येते, आणि मग समोर असलेली फाइल प्लेअरला सापडत नाही.

सीकॉमबीस्ट्रिंग हा बी-स्ट्रिंग सांभाळणारा एटीएलचा वर्ग वापरत असाल तर आणखी एक. एकच चल लूपमध्ये पुन्हा पुन्हा गेट_नेम ला दिला की जुना मजकूर मोकळा होत नाही, मेमरी गळत राहते. डीबग बिल्ड तिथे असर्ट देऊन थांबते, रिलीज बिल्ड काहीच बोलत नाही. प्रत्येक फेरीत आधी एम्प्टी करा, किंवा चल लूपच्या आत घोषित करा.

सांगितले म्हणजे झाले असे नाही

पुट_यूआरएल ने एस-ओके दिले याचा अर्थ प्लेअरने निरोप घेतला, एवढाच. फाइल अस्तित्वात नसली तरी एस-ओके येते. प्ले, पॉज आणि जागा बदलणे यांचेही तेच. पुढचे सगळे नंतर, मेसेज लूप फिरताना घडते आणि इव्हेंटमधून कळते. म्हणून 'प्ले म्हटले, आता कालावधी वाचू' अशा सरळ ओळीत लिहिलेला कोड शून्य कालावधी दाखवतो. प्रोग्रामची रचना स्थितीवर बांधा: कळ दाबली की निरोप पाठवायचा, बटणाचे चित्र मात्र इव्हेंट आल्यावर बदलायचे.

प्ले-स्टेटचे क्रमांक पाठ असलेले बरे, कारण लॉगमध्ये तेच दिसतात. १ थांबला, २ विराम, ३ चालू, ४ आणि ५ वेगाने पुढे-मागे, ६ बफरिंग, ७ प्रतीक्षा, ८ मीडिया संपला, ९ स्थित्यंतर, १० तयार, ११ पुन्हा जोडणी. ओपन-स्टेटमधला एकच क्रमांक ध्यानात ठेवा: १३, मीडिया उघडला.

इव्हेंट घेण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला इव्हेंट्स हा इंटरफेस. त्यात प्रत्येक घटनेला स्वतंत्र मेथड आहे आणि हव्यात त्या दोन असल्या तरी रिकाम्या देहाने सगळ्या लिहाव्या लागतात. दुसरा 'डब्ल्यूएमपीओसीएक्सइव्हेंट्स' हा डिस्पॅच-इंटरफेस. त्यात सगळ्या घटना एकाच इन्व्होक मधून क्रमांकाने येतात. दोन-चार घटनाच हव्या असतील तर दुसरा मार्ग आटोपशीर आहे.

दुसऱ्या मार्गासाठी आयडिस्पॅचच्या सात मेथड असलेला एक छोटा वर्ग लिहा. ॲडरेफ आणि रिलीज मोजणीसह लिहा. टाइप-माहितीच्या तिन्ही मेथडना 'अंमल नाही' हे उत्तर चालते. क्वेरीइंटरफेसने मात्र आयअननोन, आयडिस्पॅच आणि त्या इव्हेंट-इंटरफेसचा आयडी या तिन्हींना होकार द्यायला हवा. तिसरा राहिला की ॲडव्हाइज हेक्स ८००४०२०२ देऊन जोडणी नाकारते. इथे तासन्‌तास जातात, कारण बाकी सगळे बरोबर दिसत असते.

जोडणी अशी: प्लेअरकडून आयकनेक्शनपॉइंटकंटेनर घ्या, फाइंडकनेक्शनपॉइंट ने त्या इव्हेंट-इंटरफेसचा पॉइंट मिळवा, ॲडव्हाइज करा. मिळालेली कुकी, म्हणजे त्या जोडणीचा क्रमांक, जपून ठेवा, सोडताना ती लागते.

इन्व्होक मध्ये क्रमांक पाहून फाटे फोडायचे. ओपन-स्टेट बदलली ५००१, प्ले-स्टेट बदलली ५१०१, जागा बदलली ५२०२, त्रुटी ५५०१. कोडमध्ये आकडे न लिहिता हेडरमधली नावे वापरा. घटनेसोबतचे आर्ग्युमेंट उलट्या क्रमाने येतात. ५२०२ मध्ये जुनी आणि नवी जागा अशा दोन संख्या असतात, त्यांतली शून्याव्या खणातली नवी आणि पहिल्या खणातली जुनी.

या ५२०२ च्या नावावरून सगळ्यांची फसगत होते. ही घटना फक्त उडी मारल्यावर येते, एरवी चालू असताना येत नाही. पट्टीवरचा काटा सरकवण्यासाठी सेटटाइमर लावा आणि २०० मिलिसेकंदांनी गेट_करंटपोझिशन विचारा. थांबल्यावर टायमर काढून टाका.

इव्हेंटच्या आतून नवी फाइल लावू नका

एक फाइल संपली की पुढची लावायची, म्हणून स्थिती ८ आली की हँडलरमध्येच पुट_यूआरएल आणि प्ले लिहिले जाते. नवी फाइल दिसते, स्थिती १० म्हणजे 'तयार' वर जाते आणि तिथेच बसून राहते. आवाज येत नाही. ८ नंतर प्लेअरची स्वतःची वाटचाल बाकी असते, ९ आणि मग १. आपण मध्येच दिलेली आज्ञा त्या वाटचालीत पुसली जाते. इव्हेंट हँडलरमधून यूआरएल बदलू नये असे मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवजही बजावतात.

उपाय सरळ आहे. हँडलरमध्ये स्थिती नोंदवा, पोस्टमेसेजने आपल्या विंडोला डब्ल्यूएम-ॲप अधिक १ असा मेसेज टाका आणि लगेच परता. तो मेसेज प्लेअरची आवराआवर झाल्यावर हाती येतो, तेव्हा नवी फाइल लावा. सेंडमेसेज वापरले तर काहीच बदलत नाही, कारण ते हँडलरच्या आतच काम उरकते. हीच शिस्त बाकीच्या आज्ञांनाही लावा. हँडलरने फक्त टिपून घ्यायचे आणि निघायचे.

मागे जाणे, वेग, कालची जागा

जागा सेकंदांत, दशांशासह असते. तीन सेकंद मागे जायचे तर गेट_करंटपोझिशन घ्या, ३.० वजा करा, उणे आले तर शून्य धरा आणि पुट_करंटपोझिशन करा. टंकन करणाऱ्यासाठी 'थांबव' या कळीतच हे मागे जाणे घालावे असे आमचे मत आहे. कळ दाबेपर्यंत एक-दोन शब्द निसटलेले असतात आणि पुन्हा सुरू करताना ते ऐकू आलेच पाहिजेत. दोन सेकंद पुरतात, वापरणाऱ्याला बदलता आले तर उत्तम.

थांबवण्यासाठी पॉज वापरा. स्टॉप ने जागा सुरुवातीला जाते. आज्ञेपूर्वी कंट्रोल्सवर गेट_इजअव्हेलेबल ला 'पॉज', 'करंटपोझिशन' अशी इंग्रजी अक्षरे देऊन ती क्रिया आत्ता शक्य आहे का ते विचारता येते. थेट प्रसारणात मागे जाता येत नाही, तिथे उत्तर नाही येते. बटणे याच उत्तरावरून धूसर करा.

कालची जागा लावताना घाई नडते. पुट_यूआरएल च्या पुढच्याच ओळीत जागा दिली तर फाइल अजून उघडलेली नसते आणि जागा विरून जाते. हवी ती जागा एका चलात ठेवा, प्ले म्हणा, स्थिती पहिल्यांदा ३ झाली की स्वतःला मेसेज टाका आणि तो आला की जागा लावून चल रिकामे करा. चल रिकामे केले नाही तर प्रत्येक विरामानंतर प्लेअर कालच्या जागी उडी मारत राहील. कालावधी ओपन-स्टेट १३ ला वाचा, शून्य आला तर स्थिती ३ ला पुन्हा वाचा.

वेगासाठी सेटिंग्जवर पुट_रेट. १.० हा नेहमीचा वेग. टंकनासाठी ०.७५ पासून सुरुवात करा. ०.५ ते २.० याच्या बाहेर जाण्यात अर्थ नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलला हे जमतेच असे नाही, म्हणून आधी सेटिंग्जच्या गेट_इजअव्हेलेबल ला 'रेट' विचारा. आवाजाची पातळी ० ते १००, डावा-उजवा तोल उणे १०० ते अधिक १००.

'तीन सेकंद मागे' म्हटले आणि भलतीकडेच गेले अशी तक्रार आली तर आधी फाइल पाहा. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ मध्ये अमुक सेकंद म्हणजे अमुक बाइट असे साधे गणित बसत नाही. काही फाइलींच्या सुरुवातीला शोधसूची असते, पण ती १०० नोंदींची, म्हणजे तासाभराच्या ध्वनिमुद्रणात दर ३६ सेकंदांना एक. काही फाइलींत तीही नसते. नेमकेपणा हवा तर ध्वनिमुद्रण स्थिर बिटरेटमध्ये किंवा साध्या डब्ल्यूएव्ही मध्ये करून घ्या. बोलण्यासाठी १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकपदरी पुरते. तासाला सुमारे ११५ एमबी होतात.

कळा सगळ्या प्रोग्रामवर चालाव्यात, म्हणजे वर्डमध्ये टाइप करतानाही, म्हणून रजिस्टरहॉटकी वापरा. ते मुख्य थ्रेडवरूनच नोंदवा, म्हणजे कळीचा मेसेज प्लेअरच्याच थ्रेडवर येतो. एफ१२ घेऊ नका, ती डीबगरसाठी राखीव आहे. 'नो-रिपीट' हा झेंडा लावा, नाहीतर कळ दाबून धरली की प्रोग्राम मागे मागे पळत सुटतो. १४०९ ही त्रुटी आली तर ती कळ दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतली आहे.

चित्र दाखवायचे असेल तर

व्हिडिओला विंडो लागते. एटीएलचा सीॲक्सविंडो वर्ग घ्या, सुरुवातीला एटीएलॲक्सविनइनिट करा, विंडो तयार करून तिच्यात कंट्रोल बसवा आणि क्वेरीकंट्रोल ने प्लेअर४ मागा. इथे कोक्रिएटइन्स्टन्स वेगळे करू नका. तसे केले तर दोन प्लेअर होतात, आज्ञा एकाला जातात आणि चित्र दुसऱ्याचे, रिकामे, दिसते. प्लेअरची बटणे नको असतील तर यूआयमोड ला 'नन', फक्त छोटी पट्टी हवी असेल तर 'मिनी', सगळे हवे असेल तर 'फुल'. ही अक्षरे इंग्रजीतच द्यायची.

चुका वाचणे

५५०१ ही घटना आली की प्लेअरवर गेट_एरर मागा, एररकाउंट पाहा, गेट_आयटम ने शून्यावी नोंद घ्या आणि तिचा कोड व वर्णन लॉगमध्ये लिहा. कोड हेक्समध्येच लिहा. सी००डी११९७ म्हणजे फाइल सापडली नाही. नंतर क्लिअरएररक्यू करा, नाहीतर पुढच्या वेळी जुनीच नोंद वाचाल.

एचरिझल्टची तपासणी 'एस-ओके च्या बरोबर' अशी न करता सक्सीडेड या मॅक्रोने करा. एस-फॉल्स हेही यशच आहे.

बंद करताना

प्रोग्राम बंद होताना पडतो ही या कामातली सर्वांत जुनी तक्रार आहे आणि जवळजवळ नेहमी क्रम चुकलेला असतो. आधी टायमर आणि हॉटकी काढा. मग कुकी देऊन अनॲडव्हाइज. ते राहिले तर प्लेअर आपल्या इव्हेंट-वर्गाला धरून राहतो, तो वर्ग प्लेअरला धरून असतो, आणि दोघेही सुटत नाहीत. नंतर प्लेअरवर क्लोज, मग कंट्रोल्स आणि सेटिंग्जचे पॉइंटर सोडा, मग प्लेअरचा. विंडो असेल तर ती मोडा. शेवटी कोअनइनिशियलाइझ.

सीकॉमपॉइंटर जागतिक चलांत ठेवले असतील तर ते मेन संपल्यानंतर, म्हणजे कोअनइनिशियलाइझ झाल्यानंतर रिलीज म्हणतात. तोवर डीएलएल उतरलेली असू शकते आणि प्रोग्राम जाता जाता कोसळतो. सगळे पॉइंटर एका वर्गात ठेवा आणि त्या वर्गाचा ऑब्जेक्ट मेनमध्ये कोअनइनिशियलाइझच्या आधी मिटणाऱ्या महिरपी कंसात तयार करा.